ओसरीवरून : सांधा

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं जुन्या पंचांगांविषयीं लिहिलें, तेव्हां पुढील लेख मोटारगाडीवर होईल असें कोणी सांगितलें असतें तर आम्हीं त्याला हंसून वाटेस लावलें असतें. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन ज्याची सारी हयात मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेली, त्या मास्तराचा आणि इंजिनाचा संबंध तो काय? परंतु संसारांत ज्ञान कोणत्या दारानें येईल याचा नेम नसतो. आमच्या घरीं तें या दिवाळींत गाडीच्या बॉनेटखालून आलें, आणि येतां येतां आमची चांगलीच फजिती करून गेलें. फजिती लपवून ज्ञान तेवढें वाचकांपुढें ठेवणें सोपें होतें; परंतु तें सरळ झालें नसतें.

आमच्या थोरल्या बंधूंनीं १९७८ सालीं एक अँबॅसडर गाडी घेतली. तरुण वाचकांसाठीं सांगतों : ही गाडी म्हणजे मूळची विलायतेंतील मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथील कारखान्यांत १९५७-५८ च्या सुमारास ती घडूं लागली आणि २०१४ सालीं तेथील काम थांबेपर्यंत घडत राहिली. आमच्या घरच्या तीन मुली तिच्यांत बसून सासरीं गेल्या, आणि तीर्थरूपांना शेवटीं इस्पितळांत नेलें तेंही तिच्यांतूनच. २०२१ सालच्या वैशाखांत थोरले बंधू गेले. तेव्हांपासून वाईच्या आमच्या वाड्यांत मागल्या अंगणीं, शेवग्याखालीं, ती उभी राहिली ती उभीच. दर पंधरवड्याला कोणी तरी ती सुरू करून पाही. आणि दर खेपेस तिचें कण्हणें थोडें वाढलेलें असे.

आतां थोडें आमच्या पुतण्याविषयीं. हा थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा. यंत्रशास्त्राच्या पदविकेस बसला, गणितांत दोनदां नापास झाला, तिसऱ्यांदा बसलाच नाहीं. पुढें गांवांतील मोटारदुरुस्तीच्या एका दुकानांत जाऊं लागला. पांच वर्षांपूर्वीं एका श्रावणी सोमवारीं, भरल्या पंगतींत, पाहुण्यांदेखत, आम्ही बोलून गेलों कीं, "ज्याला त्रैराशिक साधलें नाहीं त्याला पुढें काय साधणार?" मुलगा कांहीं बोलला नाहीं. पानांतला भात तसाच टाकून उठला. वहिनीही कांहीं बोलल्या नाहींत. घरांत भांडण असें झालेंच नाहीं. सणावारीं तो आम्हांला नमस्कार करी, विचारलें तर उत्तर देई. परंतु आमच्या खोलीचा उंबरा त्यानें पुन्हां ओलांडला नाहीं. आणि आम्हीही, वडीलपणाच्या तोऱ्यांत, त्याला कधीं हांक मारली नाहीं.

दसऱ्याच्या सकाळीं वहिनींनीं गाडीला झेंडूची माळ घातली, आणि त्याच संध्याकाळीं ती मोडींत देण्याचें घरांत ठरलें. एका अनुभवी म्हणविणाऱ्या कारागिरानें इंजिन संपलें असें सांगून पन्नास हजारांचा खर्च काढला होता. एवढा पैसा जुन्या लोखंडावर घालण्याला कोणाचीच संमति नव्हती, आमचीही नव्हती. दिवेलागणीनंतर वहिनी आमच्या खोलीच्या दाराशीं आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, गाडी राहिली काय, गेली काय, मला त्याचें सुखदुःख नाहीं. पण धाकटा म्हणतो, मला पंधरा दिवस द्या. त्याला त्याचें काम करूं द्या, आणि तुम्हीं नुसते शेजारीं बसा." त्यांच्या आवाजांत विनंती नव्हती आणि तक्रारही नव्हती. आम्ही बरें म्हणालों.

दुसऱ्या दिवशीं मुलानें गाडी सुरू केली. उभ्या गाडीचें इंजिन थरथरत होतें, मधेंच एखादा ठोका चुकत होतें, आणि कार्बोरेटरांतून उलटा खोकला काढीत होतें. त्यानें वेग वाढविला तशी थरथर कमी झाली. मग त्यानें हातभर रबरी नळी घेतली, एक टोंक कानाशीं धरलें आणि दुसरें इंजिनाच्या कुशीवरून हळूहळू फिरवूं लागला. एका जागीं तो थांबला व नळी त्यानें आमच्या कानाला लावली. तेथें बारीक 'सूं' असा आवाज येत होता. त्यानें त्या जागीं साबणाच्या पाण्याचा फवारा मारतांच आवाज थांबला आणि क्षणभर इंजिनही सुरळीत चाललें. पाणी शोषलें जातांच पुन्हां थरथर. "काका," तो म्हणाला, "इंजिन संपलेलें नाहीं. तें चोरून श्वास घेतंय."

हा चोरटा श्वास म्हणजे काय, तें आम्हीं त्याच्याकडून समजून घेतलें तसें सांगतों. पेट्रोल एकटें जळत नाहीं. त्याला वारा लागतो, आणि तोही मापानें. एक भाग पेट्रोलला वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग वारा, हें तें माप. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागें इंजिन सुमारें नऊ हजार लिटर हवा पितें. कार्बोरेटर हें मिश्रण तयार करतो, आणि तेथून तें चार सिलिंडरांकडे पोंचविणारी जी फांद्यांची पोकळ नळी, तिला कारागीर इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. आम्हीं तिचें 'शोषनलिका' असें बारसें केलें. जळून उरलेला धूर बाहेर नेणारी तिची थोरली बहीण, ती 'धूम्रनलिका'. हीं नांवें ऐकून मुलगा पांच वर्षांनीं प्रथमच आमच्यासमोर हंसला.

शोषनलिकेंतून सिलिंडर वारा ओढून घेतात, त्यामुळें तिच्या आंत बाहेरच्यापेक्षां दाब फार कमी असतो. जेथें फट असेल तेथून बाहेरची हवा आंत घुसते. ही हवा कार्बोरेटरांतून आलेली नसते. तिला पेट्रोलचा स्पर्श नसतो. ती मिळाली कीं मिश्रण पातळ होतें, नीट पेटत नाहीं, आणि ठोका चुकतो. आणि यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, गाडी भरधाव असतांना हा दोष फारसा जाणवत नाहीं. तेव्हां झडप उघडी असते, पुष्कळ हवा रीतसर येत असते, आणि चोरटी हवा तिच्यांत लपून जाते. गाडी उभी असून इंजिन सावकाश चालूं लागलें कीं झडप जवळजवळ मिटते, आंतली ओढ वाढते, आणि फट बोलूं लागते. घराचेंही असेंच नव्हे काय? लग्नकार्याच्या धांदलींत सगळे सगळ्यांशीं बोलत असतात. कोणाचें कोणाशीं बोलणें तुटलें आहे, तें पाहुणे गेल्यावर कळतें.

अँबॅसडरच्या या जुन्या इंजिनाची घडण आम्हां एकत्र कुटुंबवाल्यांना सहज समजण्यासारखी आहे. सिलिंडर चार, पण वारा आंत घेण्याचीं द्वारें दोनच. पहिला व दुसरा एका दारानें घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्या दारानें. पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा. म्हणजे दुसऱ्याची पाळी झाली कीं लगेच पहिल्याची येते. एका पळींतून दोघांना वाढावयाचें असलें म्हणजे पळी गळकी असून चालत नाहीं. एका फटीनें दोन सिलिंडर उपाशी राहतात.

मग काम सुरू झालें. घरीं हें काम करणाऱ्यांसाठीं मुलानें सांगितलेलें पथ्य आम्हीं लिहून ठेवलें आहे. इंजिन पूर्ण थंड असावें. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी, कारण पेट्रोलची नळी उघडल्यावर एक ठिणगीही घात करूं शकते. आसपास उदबत्ती, निरांजन, विडी कांहीं नको; वाळूची बादली मात्र जवळ हवी. काम उघड्यावर करावें. बंद जागेंत इंजिन चालविलें तर धुरांतला कार्बन मोनॉक्साइड वास न येतांच जीव घेतो. प्रत्येक नळी, तार व नट सोडतांना ताटांत क्रमानें मांडावा आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. वहिनींनीं यासाठीं दोन जुनीं परातें काढून दिलीं, तेवढाच त्यांचा या कामांत भाग; परंतु दर तासाला त्या काहीं ना कांहीं निमित्तानें अंगणांत येऊन जात.

हवेची चाळणी निघाली, पेट्रोलची नळी सुटली व तिच्या तोंडांत बूच बसलें. थ्रॉटल व चोक यांच्या तारा सुटल्या, कार्बोरेटर निघाला. मग नलिका. या इंजिनांत शोषनलिका व धूम्रनलिका एकाच कुशीला, एकमेकींस चिकटून असतात. धुराच्या उष्णतेनें पेट्रोलची वाफ थिजूं नये हा त्यांत हेतु. दोघींच्या कडा सिलिंडरच्या माथ्यावर एकाच स्टडाखालीं दाबलेल्या असतात : एक जाड वॉशर अर्धा हिच्या कडेवर, अर्धा तिच्या कडेवर, आणि वर नट. गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारें तेल घालून मुलानें ते रात्रभर तसेच ठेविले. "घाई केली तर स्टड तुटतो," तो म्हणाला. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हीं ठेवलें नाहीं.

शोषनलिका बाहेर आल्यावर त्यानें ती आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या जाड कांचेवर उपडी ठेवली व पलीकडून विजेरी लावली. सपाट असावयाची ती कड एका टोंकाला वांकली होती. तिच्याखालून प्रकाशाची रेघ दिसत होती. शिवाय फांदीच्या बेचक्यांत केसाएवढी चीर. नलिका ॲल्युमिनिअमची; चीर गेलेली ठेवण्यांत अर्थ नव्हता. नवी मिळणें कठीण. पुण्याच्या नाना पेठेंत विचारलें, मिळाली नाहीं. शेवटीं कलकत्त्याच्या मल्लिक बाजारांतील एका दुकानदाराशीं मुलानें मोडक्या हिंदींत बोलून वापरलेली एक ठरविली. आठव्या दिवशीं ती टपालानें घरीं आली. कांचेवर ठेवून पाहिली. कड सपाट, चीर नाहीं. नवें पॅकिंग घालून त्यानें ती बसविली.

आणि येथें आमची फजिती. गाडी सुरू केली तों पुन्हां तोच 'सूं'. मुलगा वाकून पाहत राहिला. म्हणाला, "काका, वॉशर तिरका बसल्यासारखा वाटतोय. खोलून बघूं या." संध्याकाळ झाली होती, डांस चावत होते, आणि दहा दिवस शेजारीं बसून आम्हांला आपण अर्धे कारागीर झालों असें वाटूं लागलें होतें. आम्ही म्हणालों, "अरे, सैल राहिलाय म्हणून आवाज येतो. आवळ." तो म्हणाला, "नको, काका." आम्हीं वर्गांतला आवाज काढला : "मी सांगतों तें ऐक. आवळ!" त्यानें आमच्याकडे एकदां पाहिलें, पान्याला हात घातला, आणि आवळला. 'टक्' असा कोरडा आवाज झाला. स्टड तुटून त्याचें वरचें टोंक पान्यासकट त्याच्या हातांत आलें.

तो कांहीं बोलला नाहीं. तें टोंक त्यानें परातींत ठेवलें, हात पुसले, आणि आंत गेला. त्या मौनाला आम्हीं ओळखलें. पांच वर्षांपूर्वींच्या पंगतींतलें तेंच तें. तेव्हां आम्हीं त्याला उर्मटपणा म्हटलें होतें. आज तुटका स्टड समोर असल्यामुळें दुसरें नांव देणें भाग होतें.

रात्रीं झोंप लागली नाहीं. आम्हीं जन्मभर संधि शिकविला. पाणिनीनें वर्णांच्या अत्यंत सान्निध्याला संहिता म्हटलें आहे, आणि तें सान्निध्य असेल तरच संधि घडतो. मध्यें विराम आला कीं प्रत्येक वर्ण आपापल्या जागीं सुटा. हें आम्हीं वर्गांत हजार वेळां सांगितलें असेल. पण सान्निध्य बळानें आणतां येत नाहीं, हें सांगावयाचें राहून गेलें. दोन कठीण धातू कितीही घासले तरी त्यांच्यांत बारीक उंचसखल राहतेंच. म्हणून मध्यें मऊ पॅकिंग घालतात. तें स्वतः दबून दोघांची उणीव भरून काढतें. आमच्या घरांत हें काम इतकीं वर्षें कोण करीत आलें आहे, याचा विचार त्या रात्रीं प्रथम मनांत आला.

सकाळीं मुलानें सारें पुन्हां उघडलें. स्टडाचा नखभर भाग डोक्याबाहेर राहिला होता. त्यावर दोन दिवस तेल मुरविलें, आंच दिली, आणि ग्रिप-पकडीनें पावपाव फेरा पुढें-मागें करीत तो तुकडा त्यानें सबंध काढला. मग व्हर्निअर घेऊन दोन्ही नलिकांच्या कडा मोजल्या. आम्हांला व्हर्निअर वाचतां येत नाहीं. त्यानें आपण होऊन तो आमच्यापुढें धरला व कोणती रेघ कोणत्या रेघेशीं जुळते तें दाखविलें. कलकत्त्याहून आलेल्या नलिकेची कड धूम्रनलिकेच्या कडेपेक्षां पाऊण मिलिमीटर पातळ निघाली. पूर्वीं कोणी तरी ती सपाट करण्यासाठीं तासली असावी. त्यामुळें वॉशर टेंके तो धूम्रनलिकेवर. शोषनलिकेवर दाब पडेच ना. नट जितका आवळावा तितका सारा भार एकीवरच. आवळून हा दोष जन्मांत गेला नसता. ज्याला त्रैराशिक साधलें नाहीं असें आम्ही म्हणालों, त्यानें ही वजाबाकी आमच्या डोळ्यांदेखत तोंडीं केली.

उपाय साधा. प्रत्येक वॉशरची धूम्रनलिकेकडची अर्धी बाजू पाऊण मिलिमीटर कानसून पायरी करावयाची, म्हणजे तो दोघींवर सारखा बसेल. नरकचतुर्दशीच्या रात्रीं जेवणें झाल्यावर मागल्या अंगणांतून कानशीचा आवाज येत होता. आम्ही उठून गेलों. मुलगा पायरीवर बसून एकेक वॉशर कानशीत होता व व्हर्निअरनें मोजीत होता. आम्हीं थोडा वेळ उभें राहून पाहिलें. मग म्हणालों, "त्या दिवशीं पंगतींत मी जें बोललों, तें चुकलें. परवाचेंही चुकलें."

त्यानें मान वर केली नाहीं. कानस दोनतीनदां फिरली. मग म्हणाला, "काका, ती विजेरी जरा इकडे धरा."

आम्हीं धरली. बारा वाजेपर्यंत धरली.

पाडव्याच्या सकाळीं नवा स्टड, नवें पॅकिंग व पायरीचे वॉशर घालून नलिका बसल्या. नट आवळण्याचाही क्रम आहे : मधल्यापासून आरंभ करून आळीपाळीनें बाहेरच्या बाजूंकडे, आणि तेंही एका दमांत नव्हे, दोनतीन खेपांत, थोडें थोडें. इंजिन एकदां तापून थंड झालें कीं पुन्हां सगळे तपासावयाचे, कारण पॅकिंग पहिल्या उष्णतेनें बसतें. त्यानें किल्ली फिरविली. रबरी नळी आमच्या कानाशीं दिली. आम्हीं इंजिनाच्या कुशीवरून तीनदां फिरविली. कोठेंही 'सूं' नाहीं. चारी ठोके एका लयींत, जसा चांगला पाठ झालेला अनुष्टुभ.

सारा खर्च साडेचार हजारांच्या आंत झाला. परंतु आमच्यासारख्या शिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांना आम्हीं हा लेख पैशांच्या हिशेबासाठीं लिहिला नाहीं. आपल्याकडे परीक्षेंत जो मागें पडला त्याचें घरांतलें स्थानही मागें पडतें, आणि आपण त्यास शिस्त म्हणतों. ज्याच्या हातांत पाना आहे त्याचें त्या कामापुरतें ऐकावें, मग तो वयानें कितीही लहान असो, एवढें आम्हीं पासष्टी उलटल्यावर शिकलों. आणि दुसरें असें, कीं फट कोठें आहे तें घर शांत असतांनाच ऐकावें. घाईंत ती ऐकूं येत नाहीं, आणि ऐकूं आली तरी आपण आवळूं लागतों.

संध्याकाळीं वहिनी गाडींत पुढें बसल्या, थोरले बंधू गेल्यानंतर प्रथमच. मुलानें गाडी महागणपतीच्या घाटापर्यंत नेली. आम्ही मागें होतों. वाटेंत कोणी फारसें बोललें नाहीं, पण तें मौन निराळें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलगा आमच्या खोलींत आला, कपाटाची कांच परत बसविण्यासाठीं म्हणून. आणि बसवून झाल्यावरही थोडा वेळ पुस्तकें चाळीत उभा राहिला. तुटक्या स्टडाचा तो तुकडा आम्हीं त्याच्याकडून मागून घेतला आहे. हें लिहितांना तो दौतीशेजारीं आहे.